पणजोबांचा देश कुठला? हंगेरियन मुळांचा कागदोपत्री शोध

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग जरा वेगळा आहे. राजे नाहीत, लढाया नाहीत. आज फक्त रजिस्टरं आहेत. जन्माची, लग्नाची, मृत्यूची. पण थांबा, लगेच स्किप करू नका. याच रजिस्टरांनी एका देशात माणसांची आयुष्यं अक्षरशः घडवली आणि संपवली.

सुरुवात एका जादूगारापासून करूया. हॅरी हुडिनी. बेड्या घालून, पेटीत बंद करून पाण्यात टाकलं तरी बाहेर येणारा माणूस. हा हुडिनी आयुष्यभर सांगत राहिला की माझा जन्म अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ॲपलटन गावचा, ६ एप्रिल १८७४ चा. प्रत्यक्षात तो जन्मला २४ मार्च १८७४ रोजी, बुडापेस्टमध्ये. बुडा, ओबुडा आणि पेश्त ही तीन गावं एक होऊन 'बुडापेस्ट' झालं त्याला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते! मुलाचं नाव एरिक वाइस. वडील रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू. १८७८ मध्ये आई आपल्या मुलांना घेऊन बोटीने अमेरिकेला आली तेव्हा एरिक चार वर्षांचा होता. तिकडे आडनावाच्या स्पेलिंगमधलं हंगेरियन 'एस-झेड' गेलं आणि 'डबल एस' आलं. एरिकचा एह्‌रिच झाला, एह्‌रिचचा हॅरी. आणि स्टेजसाठी हुडिनी.

आता विचार करा. जगात इतक्या प्रसिद्ध माणसाच्या बाबतीत घरची गोष्ट आणि कागद यांच्यात एवढी तफावत, तर क्लीव्हलंडच्या स्टीलच्या कारखान्यात राबलेल्या एखाद्या साध्या मजुराच्या पणतवंडांनी काय करायचं? त्यांच्या हातात काय असतं? एक जुना फोटो, एक वेडंवाकडं आडनाव, आणि 'आपण हंगेरीचे' एवढं एक वाक्य.

आज मला एवढंच सांगायचंय की ते एक वाक्य वाटतं तितकं साधं नाही.

गेले कोण, आणि का गेले?

१८७० नंतर पहिल्या महायुद्धापर्यंत हंगेरीच्या राज्यातून पंधरा लाखांहून जास्त माणसं अमेरिकेला गेली. कारण रोमँटिक वगैरे काही नाही. जमीन. मोठमोठ्या जहागिऱ्या मोजक्या घराण्यांकडे, आणि गावातली निम्मी माणसं दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारीला. अमेरिकेत कोळशाच्या खाणी होत्या, पोलादाचे कारखाने होते. बहुतेकांचा बेत कायमचं जाण्याचा नव्हताच. चार वर्षं कमवू, परत येऊ, जमिनीचा तुकडा घेऊ. आणि खरंच, बरेच जण परत आलेसुद्धा. काही तर दोन-तीन वेळा ये-जा करत राहिले.

आधी लोक जर्मनीच्या बंदरांतून जायचे. मग हंगेरियन सरकारने १९०४ मध्ये क्युनार्ड कंपनीशी करार केला आणि फियुमे बंदरातून थेट न्यू यॉर्कची बोट सुरू झाली. टायटॅनिक बुडाल्यावर वाचलेल्या लोकांना उचलणारी 'कार्पेथिया' आठवते? १९१२ च्या त्या रात्री ती न्यू यॉर्कहून निघून याच फियुमेकडे चालली होती. तिच्या नेहमीच्या मार्गांपैकी तो एक. हे फियुमे तेव्हा हंगेरीचं बंदर होतं. आज त्याचं नाव रियेका, आणि ते क्रोएशियात आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पहिली गुंतागुंत. 'हंगेरीचा' म्हणजे 'हंगेरियन' असं नव्हतं. त्या राज्यात मग्यार, म्हणजे हंगेरियन भाषा बोलणारे, जेमतेम निम्मे होते. बाकी स्लोव्हाक, रोमेनियन, जर्मन, सर्ब, क्रोएट, रुथेनियन. ज्यू होते, रोमा होते. सगळे एका राजाची प्रजा. अमेरिकेच्या बंदरावरच्या अधिकाऱ्याला विचारलं तर सगळे 'हंगेरीचे'. म्हणून १८९९ पासून प्रवाशांच्या यादीत एक वेगळा रकाना आला: वंश किंवा लोक. त्यात मग्यार, स्लोव्हाक, हिब्रू असं लिहायचे. आज कितीतरी लोक जहाजाची यादी उघडतात, पणजोबांचं नाव सापडतं आणि त्या रकान्यात 'स्लोव्हाक' लिहिलेलं दिसतं. आयुष्यभर घरात गुलाश शिजवला, आणि आता हे!

आधी गाव, मग देश

वंशावळ शोधणाऱ्यांचा पहिला नियम: देश शोधू नका, गाव शोधा. नोंदी गावाच्या रजिस्टरात असतात. 'हंगेरी' नावाचं एकच मोठं रजिस्टर कुठेही नाही.

पण गाव सापडणं सोपं नाही. एक तर अमेरिकन कारकुनाने जे कानाला ऐकू आलं ते लिहिलं. इथे एक गैरसमज दूर करूया. 'एलिस आयलंडवर अधिकाऱ्यांनी आमचं नाव बदललं' ही गोष्ट अमेरिकेतल्या हजारो घरांत सांगतात. एलिस आयलंड १८९२ मध्ये सुरू झालं. पण प्रवाशांची यादी तिथे बनतच नव्हती. ती निघतानाच्या बंदरात, जहाज कंपनी बनवायची. एलिस आयलंडचा माणूस फक्त ती यादी ताडून बघायचा. नावं बदलली ती नंतर. कारखान्यात, शाळेत, आणि पुष्कळदा त्या माणसाने स्वतःच.

चांगली गोष्ट अशी की १९०७ नंतरच्या याद्या खूप बोलक्या आहेत. जन्मगाव, आणि मायदेशात मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता. म्हणजे एका ओळीत पणजोबा, त्यांचं गाव आणि गावात थांबलेली बायको, तिघं सापडतात. अमेरिकन नागरिकत्वाचे १९०६ नंतरचे अर्जही असेच कामाचे.

समजा, गावाचं नाव मिळालं. तुम्ही ते गुगल मॅपवर टाकता, आणि काहीच येत नाही. का?

४ जून १९२०. ट्रियानॉनचा तह. पहिल्या महायुद्धात हरलेल्या हंगेरीची जवळजवळ दोन-तृतीयांश जमीन गेली. लोकसंख्या १ कोटी ८२ लाखांवरून ७६ लाखांवर आली. पोझोनचं ब्रातिस्लाव्हा झालं, कॉश्शॉचं कोशित्से. ही दोन्ही आज स्लोव्हाकियात. कोलोझ्वारचं क्लुज झालं, ते रोमेनियात. सबॉत्कॉचं सुबोतित्सा झालं, ते सर्बियात. काही भाग ऑस्ट्रियालाही गेला.

सगळ्यात भन्नाट उदाहरण उंगवार शहराचं. १९१८ पर्यंत हंगेरी. मग चेकोस्लोव्हाकिया. १९३८ मध्ये पुन्हा हंगेरी. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत युनियन. १९९१ पासून युक्रेन, नाव उझहोरोद. तिथली माणसं एक विनोद सांगतात: आमचे आजोबा पाच देशांत राहिले, आणि घर एकदाही बदललं नाही!

म्हणजे 'पणजोबांचा देश कुठला?' या प्रश्नाला तारीख जोडल्याशिवाय उत्तरच नाही.

त्यात आणखी एक गंमत. तहाच्या आधीच, १८९८ च्या कायद्याने, हंगेरीने स्वतःच गावांची नावं बदलायला घेतली होती. एकाच नावाची अनेक गावं होती, टपालाचा गोंधळ व्हायचा. म्हणून प्रत्येक गावाला वेगळं नाव द्यायचं ठरलं. म्हणजे १८९० मध्ये निघालेला माणूस सांगतो एक नाव, १९१३ च्या गॅझेटियरमध्ये दुसरं, आणि आजच्या नकाशावर तिसरं, तेही दुसऱ्याच भाषेत. म्हणून संशोधक आधी जुनं गॅझेटियर उघडतात. त्यात गाव कुठल्या जिल्ह्यात आणि तिथले कुठल्या धर्माचे लोक कुठल्या गावच्या चर्चमध्ये जायचे, हे कळतं.

रजिस्टर उघडल्यावर

चर्च का? कारण हंगेरीत सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली १ ऑक्टोबर १८९५ ला. त्याआधी सगळं धर्मसंस्थेच्या हातात. कॅथलिकांचं रजिस्टर वेगळं, कॅल्व्हिन पंथीयांचं वेगळं, लुथरनांचं, ग्रीक कॅथलिकांचं, ऑर्थोडॉक्सांचं, ज्यूंचं वेगळं. धर्म माहीत नसेल तर एका छोट्या गावासाठीही तीन-चार वह्या चाळाव्या लागतात. यातली असंख्य पानं आज फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट बघता येतात. क्लीव्हलंडला पलंगावर पडल्या पडल्या.

मी अशी पानं तासन्‌तास चाळली आहेत, नुसत्या कुतूहलापोटी. सुरुवातीला फक्त गिरमिट दिसतं. मग हळूहळू डोळा बसतो. जुनी रजिस्टरं लॅटिनमध्ये आहेत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराला हंगेरियन येते. त्यामुळे एकच माणूस बाप्तिस्म्याला 'लुडोविकस', लग्नाला 'लॉयोश' आणि अमेरिकेत मेला तेव्हा 'लुई'. तिन्ही एकच!

नावांच्या बाबतीत मराठी माणसाला मात्र एक फायदा आहे. हंगेरियन लोक आडनाव आधी लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. आणि त्यांच्याकडे आपल्या 'कर'चा जुळा भाऊ आहे: शेवटचा 'ई'. सेगेद गावचा तो सेगेदी. बुडाचा तो बुडॉई. नागपूरचा नागपूरकर, तसंच. बाकी आडनावं धंद्यांची: कोवाच म्हणजे लोहार, साबो म्हणजे शिंपी, मोलनार म्हणजे गिरणीवाला. आणि काही आडनावं दुसऱ्या लोकांची ओळख सांगणारी: तोत म्हणजे स्लोव्हाक, होर्वात म्हणजे क्रोएट, नेमेत म्हणजे जर्मन. ही सगळी आज हंगेरीतली अगदी कॉमन आडनावं आहेत. म्हणजे देशातल्या लाखो लोकांच्या आडनावातच लिहिलंय की आमचा कोणी पूर्वज बाहेरून आला होता.

बायकांचं काय? लग्न झालं की कोवाच यानोशची बायको 'कोवाच यानोश-ने' व्हायची. स्वतःचं नाव गायब. पण सरकारी रजिस्टर तिचं माहेरचं नाव लिहितं. आजही हंगेरीत सरकारी फॉर्मवर आईचं जन्मनाव विचारतात. त्यामुळे वंशावळीत आईच्या बाजूने मागे जाणं तिथे शक्य होतं.

आणि मग मन थांबवणाऱ्या गोष्टी दिसतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी नंतर कोणीतरी काढलेला छोटा क्रॉस. म्हणजे बाळ गेलं. दोन वर्षांनी त्याच आईबापांच्या पुढच्या मुलाला तेच नाव. कधी कधी एकाच घरात तीनदा. धंद्याच्या रकान्यात 'झेल्लेर', म्हणजे भूमिहीन कूळ, किंवा 'नॉपसामोश', रोजंदारीवाला. घरात सांगितलेलं असतं की आपण सरदार घराण्यातले. रकाना गप्पपणे खरं सांगतो. मला तर हे जास्त भारी वाटतं. सरदाराचा पणतू असण्यात तुमचं काय कर्तृत्व? पण एका रोजंदारीवाल्याने समुद्र ओलांडला, हे सांगण्यासारखं आहे.

नाव बदललं ते तिकडेच

आता शोध जिथे अडकतो ती जागा. तुम्ही आडनाव शोधताय आणि १८८० च्या आधी ते सापडतच नाही. कारण कुटुंबाने ते हंगेरीतच बदललेलं असतं.

त्या काळी 'मग्यार व्हा' असा जोर होता. १८८१ मध्ये आडनाव बदलण्याची फी ५ फोरिंटवरून ५० क्राय्त्सारवर आणली, म्हणजे थेट एक-दशांश. जर्मन, स्लोव्हाक आणि विशेषतः ज्यू कुटुंबांनी हजारोंच्या संख्येने हंगेरियन आडनावं घेतली. ज्यूंना त्यांची जर्मन आडनावं तरी कुठून आली होती? १७८७ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने हुकूम काढला होता, जर्मन आडनावं घ्या म्हणून. शंभर वर्षांत दोनदा ओळख बदलली, दोन्ही वेळा सरकारला हवी तशी.

याचं एक उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. चित्रकार अमृता शेरगिल. जन्म बुडापेस्टचा, ३० जानेवारी १९१३. वडील पंजाबी, आई हंगेरियन, आणि आईचं माहेरचं आडनाव गॉट्समान. तिचा सख्खा मामा भारतविद्येचा अभ्यासक होता, त्याचं नाव मात्र एर्विन बक्ताय. बहीण-भाऊ एकाच घरातले, पण एक आडनाव जर्मन, दुसरं हंगेरियन. माहीत नसेल तर दोन वेगळी कुटुंबं वाटतील.

रकाना जेव्हा जिवावर उठतो

आता जरा सावकाश ऐका.

आज आपण वंशावळ हौस म्हणून शोधतो. १९३९ मध्ये हंगेरीत ती सक्ती होती. त्या वर्षी आलेल्या कायद्याने ज्यू कोण हे ठरवलं. साधारणपणे आईबापांपैकी एक किंवा आजी-आजोबांपैकी दोघं ज्यू धर्माचे असतील, तर तुम्ही ज्यू. तुम्ही स्वतः चर्चला जात असलात तरी फारसा फरक नाही. नोकऱ्यांवर, धंद्यांवर मर्यादा आल्या. मग देशभरातली माणसं चर्चच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या दारात उभी राहिली. आजीचा बाप्तिस्म्याचा दाखला द्या, आजोबांच्या लग्नाचा उतारा द्या. ज्या वह्या आपण आज स्क्रीनवर झूम करतो, त्याच वह्या.

१९४४ च्या मे ते जुलै, दोन महिन्यांहून कमी काळात, चार लाखांहून जास्त ज्यूंना हंगेरीतून रेल्वेने पाठवलं गेलं. बहुतेकांना ऑशविट्झला. गावंच्या गावं रिकामी झाली. त्यामुळे अनेक ज्यू कुटुंबांची वंशावळ रजिस्टरात नीट चालत येते आणि १९४४ ला एकदम तुटते.

आणि रकाना फक्त ज्यूंवरच उलटला असं नाही. १९४१ च्या जनगणनेत काही जणांनी भाषा किंवा राष्ट्रीयत्व 'जर्मन' असं लिहिलं होतं. युद्धानंतर त्याच उत्तरांचा आधार घेऊन १९४६ ते १९४८ मध्ये सुमारे दोन लाख जर्मनांना देशाबाहेर काढलं. खरं उत्तर दिलं, आणि घर गेलं.

आता कळतं ना, तिकडच्या आज्या गप्प का असायच्या? २०१२ मध्ये हंगेरीत एक बातमी गाजली. चानाद सेगेदी हा योब्बिक या कट्टर उजव्या पक्षाचा युरोपियन संसदेतला खासदार. त्याचा पक्ष ज्यूविरोधी बोलण्यासाठी बदनाम. आणि उघड झालं की त्याची आईकडची आजी ज्यू होती, ऑशविट्झमधून वाचलेली. तिने दशकानुदशकं ते लपवलं होतं. त्याला पक्ष सोडावा लागला.

परदेशातून शोध घेणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये असं मला वाटतं. घरातली एखादी गोष्ट 'चुकीची' निघते तेव्हा आपण म्हणतो, आजीने खोटं सांगितलं. पण ते खोटं कदाचित तिचं चिलखत होतं. कागद बघा, पण तो कागद कोणी, कधी आणि कशासाठी मागितला होता तेही बघा.

कागदाचा भाव पुन्हा वाढला

हे सगळं इतिहासजमा झालं का? नाही. २०१० मध्ये हंगेरीने कायदा बदलला. पूर्वज हंगेरियन नागरिक असल्याचं दाखवता आलं आणि हंगेरियन भाषा येत असेल, तर तिथे राहायला न जाताही नागरिकत्व मिळू शकतं. दहा लाखांहून जास्त लोकांनी ते घेतलं, बहुतेक शेजारच्या देशांतले. कोणासाठी तो भावनेचा प्रश्न, कोणासाठी युरोपियन युनियनचा पासपोर्ट. स्लोव्हाकियाने लगेच उलट कायदा केला: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घ्याल तर आमचं जाईल. म्हणजे ट्रियानॉनची रेघ नव्वद वर्षांनीही माणसांना विचारतेच आहे, तुम्ही नक्की कोणाचे?

याच प्रश्नापायी एक माणूस थेट भारतात आला होता, हे सांगून थांबते. कोरोशी चोमा शांडोर. ट्रान्सिल्व्हेनियातल्या कोरोश गावचा, जन्म १७८४. आडनावातला 'कोरोशी' म्हणजे तोच तो 'कर'! आपल्या हंगेरियन लोकांचे मूळ पूर्वज आशियात सापडतील असं त्याला वाटत होतं. १८१९ मध्ये घर सोडलं, बराचसा प्रवास पायी. १८२२ मध्ये लडाखला पोचला. मग झांस्करच्या थंडीत लामांबरोबर बसून तिबेटी शिकला. १८३४ मध्ये कोलकात्याला त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश आणि व्याकरण छापलं गेलं, आणि आधुनिक तिबेटी अभ्यासाचा पाया पडला. १८४२ मध्ये ल्हासाला जायला निघाला आणि वाटेत तापाने गेला. कबर दार्जिलिंगला आहे.

पूर्वज त्याला सापडले नाहीत. हंगेरियन भाषेची जवळची नाती निघाली उरल पर्वतापलीकडच्या खांती आणि मान्सी लोकांशी, हिमालयात नव्हे. आणि त्याचं स्वतःचं कोरोश गाव? ते आज रोमेनियात आहे.

शोधायला गेला एक, हाती आलं दुसरंच. पण जे हाती आलं त्यावर दोनशे वर्षं जग काम करतंय. मुळं शोधणाऱ्यांनी एवढी तयारी ठेवावी. रजिस्टर आपल्याला हवं ते उत्तर देत नाही, त्यात लिहिलेलं देतं. ते स्वीकारता आलं तरच वही उघडण्यात अर्थ आहे.

तर मंडळी, भाग आवडला तर एखाद्या मित्राला पाठवा, खास करून ज्याच्या घरी 'आपण मूळचे तिकडचे' हे वाक्य रोज ऐकू येतं त्याला.